ट्रॅम्पोलिनवर एका वेळी एकच

आखाजी जवळ आली की दवाखान्यात हात मोडलेली मुले येऊ लागतात, हे मला आता पाठ झाले आहे. माहेरवाशिणींसाठी निंबाच्या फांदीला झोका बांधला जातो. दुपारी मोठी माणसे जेवून आडवी झाली की त्या झोक्यावर लहान पोरांचे राज्य सुरू होते, आणि संध्याकाळी एखादी आजी नातवाचा हात पदराच्या झोळीत धरून माझ्यासमोर उभी असते. ‘पोऱ्या पडना, दादा.’ पुढचे तिने सांगायची गरज नसते.

झोक्याबद्दल मला कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तो किती उंच गेला तर धोका, दोर कुठे घासतो, खाली दगड आहेत का, हे आपल्या घराघरांतल्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त कळते. ती समज पिढ्यांनी दिली आहे. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या अंगणात आणि गच्चीवर एक नवे खेळणे आले आहे. त्याच्याबद्दल आजीला काही माहीत नाही, आईवडिलांनाही नाही आणि विकणारा तर सांगतच नाही. लोखंडी गोल चौकट, तिला चहूबाजूंनी स्प्रिंगांनी ताणून बसवलेले काळे कापड, भोवती उभी जाळी. याचे नाव ट्रॅम्पोलिन. यात्रेत मुले त्याला नुसतेच ‘जंपिंग’ म्हणतात. सुट्ट्या लागल्या आहेत, वाढदिवसांना ते भाड्याने आणले जाते आणि आता घरपोच मागवताही येते. म्हणून या आठवड्यात त्याविषयी लिहितो.

मागच्या उन्हाळ्यात जळगावातील एका वसाहतीतून एक तरुण जोडपे चार वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मुलगी पायावर उभीच राहत नव्हती. तीन दिवस झाले होते. सूज फारशी नाही, जखम नाही, रंगात बदल नाही. आजीने तेल लावून पाहिले, शेजारणीने नजर काढली, आणि वडिलांचे मत असे की पोरगी लाडावली आहे, कडेवर बसायला मिळावे म्हणून नाटक करते. मी विचारले, ‘पडली होती का?’ दोघेही एकदम म्हणाले, ‘नाही हो, पडायचा प्रश्नच नाही, चांगली जाळी आहे भोवती. शिवाय मी स्वतः तिच्याबरोबर होतो.’ हे दुसरे वाक्य वडिलांचे. ‘बरोबर होतो म्हणजे?’ ‘म्हणजे आम्ही दोघे उड्या मारत होतो.’

एक्स-रे काढला. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला केसासारखी बारीक रेघ होती. हाड मोडले होते.

त्या गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो. जाळी त्यांनी विचारून-विचारून घेतली होती, मुलीला एकटीला वर जाऊ देत नव्हते, स्वतः सोबत राहत होते. जे जे काळजी म्हणून केले ते ते बरोबरच वाटणारे होते. त्यातली एक गोष्ट मात्र नेमकी उलटी होती, आणि ती त्यांना कोणी सांगितली नव्हती. मुलीचा पाय मोडला तो पडल्यामुळे नव्हे, तर वडील त्याच कापडावर उड्या मारत होते म्हणून.

हे कसे होते ते नीट समजून घेतले पाहिजे. एकटे मूल उडी मारते तेव्हा ते खाली येताच कापड त्याच्याबरोबर खाली दबते, स्प्रिंगा ताणल्या जातात, पडण्याचा जोर त्यात हळूहळू मुरतो आणि मग तेच कापड मुलाला वर लोटते. क्रिकेटचा झेल घेताना आपण चेंडूबरोबर हात थोडे मागे नेतो, तसेच हे आहे. आता शेजारी पंच्याहत्तर किलोचा माणूस उडी मारू लागला. त्याच्या वजनाने कापड खोल जाते आणि तितक्याच जोराने परत वर उसळते. त्याच क्षणाला सोळा किलोची मुलगी वरून खाली येत असेल, तर तिच्या पायांना खाली जाणारे कापड मिळत नाही, वर येणारे मिळते. येणाऱ्या चेंडूवर हात पुढे नेऊन आपटण्यासारखे ते झाले. मऊ दिसणारे कापड त्या क्षणी फरशीसारखे कडक असते. चिमुकले गुडघे, नडगी आणि घोटा यांवर मोठ्या माणसाच्या उडीचा सगळा जोर येतो. मोठ्याला काहीच जाणवत नाही. उलट मूल नेहमीपेक्षा उंच उडते म्हणून तो खूश होतो, मूलही हसते. आणखी एक, आणखी एक, असे चालते, आणि एखादी वेळ चुकते.

दोन ते पाच वर्षांच्या मुलांत नडगीचे वरचे टोक असे तडकणे इतके ओळखीचे झाले आहे की पाश्चात्त्य देशांतील अस्थिरोगतज्ज्ञ त्याला ‘ट्रॅम्पोलिन फ्रॅक्चर’ असेच नाव देतात. त्यात बहुधा मूल पडलेले नसते. म्हणूनच आईवडिलांना अपघात झाला असे वाटत नाही आणि तीन-तीन दिवस तेल चोळण्यात जातात. उड्या मारल्यानंतर लहान मूल एका पायावर भार द्यायला नकार देत असेल तर त्याला हट्टी ठरवू नका. एक्स-रे काढून घ्या. पहिल्या एक्स-रेत काही दिसले नाही आणि मूल तरीही चालत नसेल, तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो, कारण काही बारीक तडे हाड भरून येऊ लागल्यावरच दिसतात.

अमेरिकेत घरोघरी मोठी अंगणे आहेत आणि हे खेळणे तिथे फार पूर्वी पोहोचले, त्यामुळे दुखापतींचा हिशेबही तिथलाच जुना आहे. तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटना अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स हिने १९७७ सालीच शाळांतील ट्रॅम्पोलिनला विरोध केला. पुढे १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये तिने घरी ट्रॅम्पोलिन ठेवूच नये असा सल्ला दिला. २०१२ च्या त्यांच्या निवेदनातले दोन आकडे मी पालकांना नेहमी सांगतो. ट्रॅम्पोलिनवरच्या दुखापतींपैकी सुमारे पाऊणशे टक्के, म्हणजे चारातल्या तीन, एकाहून जास्त जण कापडावर असताना होतात. आणि दोघांत जो लहान असतो त्याला इजा होण्याचा संभव मोठ्याच्या मानाने चौदा पटींपर्यंत जातो. आपल्याकडे मोठ्या भावाला ‘धाकट्याला सांभाळ रे’ म्हणून बरोबर पाठवतात, त्याचा अर्थ आता लक्षात यावा.

जाळीचे काय, असे आपण विचाराल. जाळी असावीच. पण चौकटीबाहेर पडून होणाऱ्या दुखापती एकूण दुखापतींच्या साधारण एक तृतीयांश असतात. बाकीच्या जाळीच्या आतच होतात. एकमेकांवर आपटून, वाकडे उतरून, स्प्रिंगांत पाय अडकून, डोक्यावर पडून. त्याच निवेदनात असेही म्हटले आहे की जाळी लावल्याने दुखापतींचे प्रमाण लक्षणीय कमी झालेले दिसत नाही. माझा अनुभव असा की जाळी पाहून मोठी माणसे निर्धास्त होतात आणि मुले जास्त धीट होतात. जाळीवर मुद्दाम अंग टाकणे हा तर त्यांचा वेगळाच खेळ होऊन बसतो.

गंमत अशी की हे खेळणे जन्माला आले ते सर्कशीतल्या सुरक्षेच्या जाळीवरूनच. जुन्या वाचकांनी तंबूतली सर्कस पाहिली असेल. झुल्यावरचे कलाकार खेळ संपला की खालच्या जाळीवर अंग टाकत आणि उसळी मारून टुणकन उभे राहत. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या जॉर्ज निसेन नावाच्या मुलाने हे पाहिले आणि त्याला वाटले, ही उसळी आपल्याला सारखी मारता आली तर? लॅरी ग्रिसवोल्ड यांच्यासह त्याने १९३४ च्या सुमारास पहिले आधुनिक ट्रॅम्पोलिन बनवले. नाव घेतले ते पाण्यात सूर मारायच्या फळीला असलेल्या स्पॅनिश शब्दावरून. पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात त्याचा उपयोग झाला, आणि २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये तो क्रीडाप्रकार म्हणून दाखल झाला.

ऑलिंपिकमध्ये आहे मग वाईट कसे, असे एका शिक्षक मित्राने मला विचारले. त्यांना मी सांगितले, ती स्पर्धा एकदा टीव्हीवर बारकाईने पाहा. कापडावर एकच खेळाडू असतो. आजूबाजूला जाड गाद्या आणि नजर ठेवणारी माणसे असतात. त्याच्या मागे कित्येक वर्षांचा सराव असतो. इतकेच नव्हे, जागतिक स्पर्धांत जोडीने उड्या मारण्याचा प्रकार असतो, त्यातही दोघांना दोन स्वतंत्र ट्रॅम्पोलिन देतात. जगातले सर्वांत तयार खेळाडू जे एकत्र करत नाहीत ते आपण चार वर्षांच्या मुलीला घेऊन गच्चीवर करतो.

गच्चीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्याकडे अंगण असणारी घरे शहरात कमी राहिली आणि ट्रॅम्पोलिन सरळ गच्चीवर चढले. माझ्या मते त्याला इतकी वाईट जागा दुसरी नाही. कठडा असतो तीन फुटांचा, ट्रॅम्पोलिनचे कापडच जमिनीपासून दोन-अडीच फूट वर, त्यावर उडी. म्हणजे मूल कठड्याच्या कितीतरी वर असते आणि खाली दुमजली रिकामी जागा. मधे फक्त एक जाळी, तीही नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात कापडाचे आणि जाळीचे धागे एक-दोन मोसमांत कुजकट होतात, रंग फिका पडतो, चिमटीत धरून ओढले तर तटतट तुटतात. दुपारी काळे कापड इतके तापते की अनवाणी तळपाय पोळतात. आणि वादळ! रावेर-यावलकडच्या शेतकऱ्यांना विचारा, रोहिण्यांच्या आसपास सुटणारा वारा अर्ध्या तासात केळीच्या बागा आडव्या करतो. पसरलेले ट्रॅम्पोलिन म्हणजे त्या वाऱ्याला आयते शिडच. ते उडून खालच्या रस्त्यावर पडले तर जबाबदारी कोणाची? तेव्हा गच्चीवर असेल तर आजच खाली उतरवा, एवढे मी अगदी आग्रहाने सांगेन.

इतके वाचून कोणी म्हणेल, डॉक्टर, मुलांनी मग खेळायचेच नाही का? तसे मुळीच नाही. मुले दिवसभर मोबाईलवर बोटे फिरवत बसतात त्यापेक्षा उड्या मारणे केव्हाही बरे. उड्यांनी हाडे बळकट होतात, तोल सुधारतो, भूक लागते, झोप चांगली लागते. मला स्वतःला विचाराल तर घरासाठी हे खेळणे विकत घेऊ नये असेच माझे मत आहे. पण ज्यांच्याकडे आलेलेच आहे त्यांनी फेकून द्या म्हटल्याने कोणी फेकत नाही, हेही मी जाणतो. म्हणून निदान कसे वापरावे ते सांगतो.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वर आलीच आहे. कापडावर एका वेळी एकच मूल. दोन बहिणी नाहीत, आईबरोबर मूल नाही, कडेवर बाळ घेऊन तर कधीच नाही. बाकीच्यांनी खाली उभे राहून शंभर आकडे मोजावेत आणि मग पाळी बदलावी. मुले याला सहज तयार होतात. आट्यापाट्या आणि विटीदांडूत पाळीची सवय असतेच, मोडतो तो नियम बहुधा मोठी माणसे. एक माणूस सतत खाली उभा हवा, आणि त्याच्या हातात फोन नको. नुसते उभे राहून उपयोग नाही, दुसरे मूल चढू लागले की त्याला रोखायचे असते.

सहा वर्षांखालील मुलाला त्यावर चढवूच नये. त्याची हाडे मऊ, तोल कच्चा आणि डोके शरीराच्या मानाने जड असते. खेळ संपला की शिडी काढून घरात ठेवा, म्हणजे दुपारी सगळे झोपल्यावर धाकटे परस्पर वर जाणार नाही. या वयाला उड्याच मारायच्या असतील तर बांधकामासाठी आणलेला वाळूचा ढीग काय वाईट आहे? त्यात खिळे-काचा नाहीत एवढे पाहून घ्या.

दुसरी गोष्ट कोलांटउडीची. मोबाईलवर कोणीतरी हवेत दोन फेऱ्या घेऊन पायांवर उतरताना दिसतो आणि आमच्या दहा-बारा वर्षांच्या पोराला वाटते, मलाही येईल. हात किंवा पाय मोडला तर आम्ही तो जोडू शकतो. मानेचा मणका सरकून मज्जारज्जू दुखावला तर आमचे हात बांधलेले असतात. धुळे तालुक्यातील एका खेड्यातून असा एक मुलगा माझ्याकडे आला होता. मानेवर पडला, हातांना मुंग्या आल्या, आणि घरच्यांनी त्याला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तीस किलोमीटर आणले. रस्ता आपल्याला माहीत आहे कसा आहे ते. त्याचे दैव बलवत्तर म्हणून मुंग्यांवर निभावले. त्या प्रवासात त्याचे हातपाय कायमचे लुळे पडू शकले असते. कोलांटउडी शिकायचीच असेल तर ती जिम्नॅस्टिक्सच्या प्रशिक्षकापुढे, गाद्यांवर. घरी नाही, अगदी ‘एकदाच’ सुद्धा नाही.

जागा सपाट मातीची किंवा गवताची असावी, फरशी किंवा कोबा नको. चारही बाजूंना सात-आठ फूट मोकळे असू द्या. भिंत, तुळशीवृंदावन, उभी मोटरसायकल यांच्याजवळ नको. वर झाडाची फांदी, सज्जा, आणि विशेषतः विजेची तार नको. स्प्रिंगांवरची गादी जागच्या जागी आणि पूर्ण असली पाहिजे. दर आठवड्याला एकदा नटबोल्ट, गंजलेल्या स्प्रिंगा, जाळीच्या गाठी आणि कापडाची शिवण घरातल्या मोठ्या माणसाने हाताने चाचपून पाहावी. पावसाळ्याआधी ते उकलून ठेवावे हे उत्तम. मुलांच्या गळ्यात साखळी, मनगटात कडे, खिशात पेन नको. मुलींच्या ओढण्या बाजूला ठेवाव्यात.

घरातल्या खोलीत ठेवायची लहान ट्रॅम्पोलिनही हल्ली व्यायामासाठी घेतात. तिथे माझा पहिला प्रश्न असतो, वर पंखा आहे का? आपल्याकडे छताचा पंखा प्रत्येक खोलीत असतो आणि पलंगावर उड्या मारताना पंख्याचे पाते लागून कपाळ फुटलेली मुले मी टाके घालून घरी पाठवली आहेत. मोठ्यांनी ते वापरायचे तर धरायला दांडी असलेलेच घ्यावे आणि उड्यांऐवजी जागच्या जागी चालण्यापासून सुरुवात करावी. ज्यांचे गुडघे झिजले आहेत, कंबरेची शीर दबलेली आहे, तोल जातो, हाडे ठिसूळ आहेत, त्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ते टाळावे. खोकताना लघवी सुटते किंवा अंग बाहेर आल्यासारखे वाटते अशा भगिनींनी संकोच न करता आधी डॉक्टरांना विचारावे.

आता यात्रांविषयी. चैत्रात धुळ्याला पांझरेकाठी एकवीरा देवीची यात्रा भरते, वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची. पाळणे आले की शेजारी जंपिंगही येते. चालवणाऱ्याचे पोट गर्दीवर, त्यामुळे तो एका चौकटीत सहा-सात मुले सोडतो, पाच वर्षांचे आणि पंधरा वर्षांचे एकत्र. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. संध्याकाळची गर्दी होण्याआधी जा, दोन पाळ्यांचे पैसे देऊन मुलाला एकट्याला सोडायला सांगा, आणि तो नाही म्हणाला तर मुलाला कुल्फी घेऊन द्या आणि पुढे चला.

इतके करूनही इजा झालीच तर काय करावे, हे प्रत्येक घरी माहीत असावे.

हात किंवा पाय दुखावला असेल तर तो चोळू नका, ओढू नका, ‘बसवायचा’ प्रयत्न करू नका. ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत आधार द्या. चार-पाच वर्तमानपत्रे एकत्र घडी घातली की उत्तम पाटी तयार होते. हेच वर्तमानपत्र चालेल. ती हाताखाली ठेवून रुमालाने हलकी बांधा आणि ओढणीची झोळी गळ्यात अडकवा. कडे, बांगडी, मनगटातला गंडादोरा लगेच काढा, कारण तासाभरात सूज आली की ते कापावे लागतात. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावा. जखमेतून हाड दिसत असेल तर स्वच्छ कापड झाका, हळद किंवा चुना भरू नका. आणि मुलाला धीर द्यायला म्हणून चहा-बिस्कीट देऊ नका. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामे लागते, नाहीतर शस्त्रक्रिया काही तास लांबते.

कोपराच्या थोडे वर हाड मोडणे हे लहान मुलांत नेहमीचे आणि सर्वांत धोक्याचे. तिथून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. आपल्या भागात अजूनही अनेकजण आधी हाडवैद्याकडे जातात. त्यांच्यापैकी काहींचा हात हलका असतो, हे मी नाकारत नाही. पण कोपर सुजलेले असताना बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या तर खालचा रक्तप्रवाह बंद होतो. बोटे थंड पडली, निळसर किंवा पांढरी झाली, किंवा बोट हळूच सरळ करताना मूल किंचाळले, तर रात्रीचे बारा वाजले असले तरी कामट्या त्याच क्षणी सोडा आणि रुग्णालय गाठा. सहा-आठ तास गेले तर स्नायू मरतात आणि हात जन्मभर पक्ष्याच्या पंजासारखा आखडून राहतो. प्लॅस्टर घातल्यानंतरही हीच खूण लक्षात ठेवायची, मग ते आम्ही घातलेले का असेना.

मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या असतील, तर मुलाला उठवून बसवू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. आहे तिथेच, कापडावर असेल तर कापडावरच, पडून राहू द्या. एकाने डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे, दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्यांच्याकडे मानेचा पट्टा आणि सपाट फळी असते. डोक्याला मार लागून मूल पुन्हा पुन्हा ओकत असेल, पेंगत असेल, असंबद्ध बोलत असेल, नाकाकानातून रक्त किंवा पाणी येत असेल तर सकाळची वाट पाहू नये. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, आणि जळगावातही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पैशांअभावी कोणी घरी थांबण्याचे कारण नाही.

त्या चार वर्षांच्या मुलीच्या पायाला मांडीपर्यंत प्लॅस्टर घातले. चार आठवड्यांनी काढले. पहिले आठ दिवस ती लंगडली, मग धावू लागली. नडगीच्या या जागी मोडले असेल तर पुढच्या वर्षभरात पाय गुडघ्यातून किंचित आत वळू शकतो. बहुतेक वेळा तो वाढीबरोबर आपोआप सरळ होतो, पण नजर ठेवावी लागते, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी मी तिला बोलावतो. मागच्या खेपेला तिच्या आजी बरोबर आल्या होत्या. ट्रॅम्पोलिनचे काय केले, असे मी विचारले. म्हणाल्या, गच्चीवरून उतरवून मागच्या अंगणात ठेवले आहे, भोवतीची जाळी काढली, वर जुने धोतर पसरले, आणि यंदाचे सगळे बिबडे त्याच्यावरच वाळवले. खालून वारा लागतो ना, लवकर वाळतात.